उचल फिटली तर मूल घरी राहील का? गरीब घराची कमाई आणि मुलांची पिळवणूक

मोहोर
२०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरची दहाएक वर्षांची एक मुलगी दगावली आणि मग एकामागून एक प्रकरणं उघडी पडली. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे लहान मुलं मेंढ्या राखायला ठेवलेली होती. बदल्यात आईबापांना मिळाले होते काही हजार रुपये, कुणाला वर एखादी मेंढी. गुन्हे दाखल झाले, मुलं घरी परतली. बातम्या तिथे थांबल्या.

मला त्यापुढचं विचारायचं आहे. ज्या घरातून मूल गेलं त्या घरात पुढच्या भादव्यात काय शिजलं?

माझं मत आधीच मांडते, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. ही घरं वर्षभर गरीबच असतात, पण मूल जातं ते वर्षातल्या ठरावीक दिवसांत. ठाणे, पालघर, रायगडात भाताची आवणी (लावणी) संपली की मजुरी थांबते. भात अजून शेतात उभं असतं, रेशन महिनाभर पुरत नाही. वीटभट्टीचा बयाणा, म्हणजे कामाआधीच दिलेले पैसे, दारात येतो तो याच सुमारास. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भट्टीवर. पावसाळ्याच्या तोंडाशी हिशेब होतो तेव्हा आठवड्याची खर्ची, दवाखाना आणि बयाणा वजा करून उलट अंगावर बाकी निघते. ती फेडायला पुढचं वर्ष. विटा हजारावर मोजतात, म्हणजे जितके हात जास्त तितकी बाकी कमी. मग सात वर्षांचं पोरही विटा उलथायला बसतं. त्याला कुणी 'कामाला ठेवलं' असं म्हणत नाही.

तुमच्या भागात एखाद्या घराने बयाणा किंवा ऊसतोडीची उचल (तीही आगाऊ रक्कमच) घेणं थांबवलं असेल तर ते कशामुळे? योजनांच्या याद्या सगळ्यांना माहीत आहेत. मला घरं ऐकायची आहेत.

गुरुजी_पाटोदा
चांगला धागा. बीड जिल्ह्यात बरीच वर्षं प्राथमिक शाळेवर आहे. दिवाळीची सुट्टी संपली की हजेरीपट घेऊन बसवत नाही. निम्मे बाक रिकामे, मुलं आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेली.

आमच्याकडे हंगामी वसतिगृह चालतं. नाव मोठं आहे, पण व्यवस्था साधी. मूल आजीकडे, चुलत्याकडे, नाहीतर शेजारी राहतं आणि दोन वेळचं जेवण शाळेत. जिथे आजी धडधाकट आहे तिथे हे उत्तम चालतं. मुलं अभ्यासात टिकतात, वजनही वाढतं. पण पैसे उशिरा येतात, किराणावाला उधारीवर किती दिवस देणार? आणि ज्या घरात म्हातारं माणूस नाही त्या घरातलं मूल फडावर, म्हणजे उसाच्या शेतावर, जातंच.

मुलींचं वेगळं. सातवी-आठवीनंतर आई म्हणते, "गुरुजी, हिला कुणाच्या भरवशावर ठेवू?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. मग लग्न होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ च्या, बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा २१.९. हा दुपटीचा फरक ऊसतोडीला वगळून समजून घेता येत नाही.

नि:शंक
पटत नाही. गरीब सगळीकडे आहेत, सगळे पोरं गहाण ठेवत नाहीत. वेठबिगारीवर १९७६ पासून बंदी आहे, बालमजुरीचा कायदा आहे, बालविवाहाचा आहे. दहा मुकादम (मजुरांच्या टोळ्या नेणारे ठेकेदार) आणि दहा भट्टीमालक आत टाका, बाकीचे आपोआप सरळ होतील. आईबापांनाही थोडी जरब हवी. मदत दिली की सवय लागते.

फडातली_लेक
नि:शंक, तुम्ही लिहिलंत ते आमच्या घराविषयी आहे, म्हणून उत्तर देते.

आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून सोबत. कधी कोल्हापूरकडे, कधी निपाणीच्या बाजूला. तिकडे शाळा कानडी, त्यामुळे कारखान्याजवळ शाळा असूनही आम्हाला नसल्यासारखी. पहाटे आई फडात गेली की कोपीत (पाचटाच्या झोपडीत) धाकटा भाऊ माझ्याकडे. थोडी मोठी झाल्यावर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून बांधायचे, गावातले गाईम्हशीवाले विकत घ्यायचे. त्यातून मीठमिरची सुटायची. कुणी मला कामाला लावलं नव्हतं, मला कुणी मालक नव्हता. पण मी दिवसभर कामच करत होते.

आईनं उचल का घेतली ते सांगते. एक वर्ष बापाच्या पायाचं ऑपरेशन, एक वर्ष दुबार पेरणी, एक वर्ष आत्याचं लग्न. तिन्ही खर्च जून ते सप्टेंबरमधले. त्या दिवसांत बँक दारात उभं करत नव्हती, मुकादम रात्री अकराला घरी येऊन पैसे मोजून द्यायचा. नोटरी केलेल्या कागदावर आई अंगठा द्यायची. सवय लागली म्हणता? सवय कसली, दुसरं कोण देत होतं?

माझं शिक्षण झालं कारण मी पाचवीत गेले त्या वर्षी आजोबा वारले आणि आजी म्हणाली, आता मी गावातच राहते, पोरीला ठेवा. एवढंच. आज मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. धाकट्या बहिणीच्या वेळी आजी नव्हती. तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालं.

बोरघाट
ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहीत राहा.

हिशेबनीस
मी बचत गटांसोबत काम करते, म्हणून आकडे मांडते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला साडेतीनशेच्या पुढे गेला. जोडी दिवसाला साधारण दोन टन तोडते असं धरा. म्हणजे सातशेच्या आसपास. पावसाचे, आजारपणाचे, वाहन न आल्याचे दिवस सोडून हंगामात १२० दिवस काम मिळालं तर ८५-९० हजार. उचल मात्र आता लाखापर्यंत आणि कुठे त्याच्याही वर जाते. गणित बसवून बघा. मूल हाताशी नसेल तर दोन टन होत नाहीत, खाडा झाला, म्हणजे कामाचा दिवस बुडाला, तर पैसे कापतात, आणि हंगामाअखेर फिटत नाही ते पुढच्या वर्षावर चढतं.

खाड्याच्या धाकाने बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याचं २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आईची जी गत तीच लेकराची, कारण दोघांवर दाब एकाच कागदाचा आहे.

मोहोर, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. नुसतं उत्पन्न वाढून भागत नाही. जूनमध्ये एकरकमी पंधरा-वीस हजार बिनव्याजी किंवा कमी व्याजाने मिळाले तर कितीतरी जणी मुकादमाकडे जायच्या थांबतात. आमच्या गटांत हे दिसतं. ज्या गटाने आपल्या बचतीतून पावसाळ्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवली त्यातल्या बायकांची उचल कमी झाली. ज्या गटाने सगळं कर्ज मार्चमध्ये वाटून टाकलं त्यांना जूनमध्ये काही उरलं नाही.

कृष्णाकाठ
सांगली जिल्ह्यातून. ऊस पिकवणाऱ्याची बाजूही ऐका. मुकादम वाहनमालकाकडून लाखो रुपये घेतो आणि टोळी घेऊन येतच नाही, अशी फसवणूक दरवर्षी ऐकू येते. ट्रॅक्टर विकून कर्ज फेडलेले लोक माझ्या गावात आहेत. सगळा दोष उसाच्या पट्ट्यावर टाकू नका. आणि आता तोडणी यंत्रं वाढत आहेत. पाच-दहा वर्षांत कोयताच राहणार नाही, मग ही चर्चा कशाला?

फडातली_लेक
दादा, वाहनमालक बुडतो हे खरं आहे, माझ्या मामाच्या टोळीतही झालं. पण पैसा कारखान्याकडून वाहनमालकाकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मग कोयत्याकडे येतो. एवढ्या हातांतून येताना कारखान्याचा तोडणाऱ्याशी संबंध कुठे कागदावर राहतच नाही. कारखान्याने थेट नोंद करून थेट खात्यात दिले तर तुम्हीही वाचाल आणि आम्हीही.

यंत्राचं म्हणाल तर मला जास्त भीती तीच आहे. कोयता गेला आणि गावात दुसरं काही उभं राहिलं नसेल तर ही माणसं कुठे जातील? वीटभट्टीवर, नाहीतर शहरात पुलाखाली. मुलांसकट. म्हणून चर्चा आत्ता हवी.

कृष्णाकाठ
थेट खात्याचं पटलं. आमच्या कारखान्याच्या सभेत हा विषय काढतो.

सातासमुद्रापार
नमस्कार. मी परदेशात असते. मैत्रिणी मिळून दरवर्षी काही रक्कम पाठवतो. यंदा शेळ्या घेऊन द्याव्यात असा विचार आहे. एका घराला दोन शेळ्या. बरोबर आहे का?

करडू
ताई, शेळ्या द्या, पण थांबून द्या. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पर्यवेक्षक होतो, फुकट वाटलेल्या शेळ्यांचं काय होतं ते पुष्कळ पाहिलं आहे.

पहिली गोष्ट, उस्मानाबादी शेळी द्या, ती या हवेत टिकते आणि जुळी देते. दुसरी, पावसाआधी पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगांची लस. तिसरी, कानात बिल्ला आणि विमा. चौथी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कुणी विचारत नाही: शेळ्या चारणार कोण?

दोन शेळ्यांच्या पाच होतात. आई मजुरीला, बाप मजुरीला. शेळ्यांमागे कोण जातं? घरातली नऊ-दहा वर्षांची पोरगी. तुम्ही चांगल्या मनाने दिलेली शेळी तिला शाळेतून उठवते. हे मी एका नाही, अनेक गावांत पाहिलं. त्यावर उपाय आहे. वस्तीतल्या सगळ्या शेळ्या मिळून एक मोठा माणूस राखणीला ठेवायचा, महिन्याचे पैसे घरटी वाटून. किंवा बांधावर सुबाभूळ, शेवरी, दशरथ घास लावून गोठ्यातच चारा. शेळ्यांच्या पैशातच राखणीचे पैसेही धरा.

सातासमुद्रापार
हे कुणीच सांगितलं नव्हतं. खूप आभार.

अभ्यासू_मुंगी
करडूंच्या मुद्द्याला जोड देते. बोस्नियात कर्ज न मिळणाऱ्या गरीब घरांना छोटी कर्जं देऊन परिणाम पाहिला होता. धंदे वाढले, पण १६ ते १९ वयाच्या मुलांचं काम वाढलं आणि त्यांच्यात शाळा सुटणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं. घरात धंदा आला की पहिला फुकटचा कामगार घरातलाच.

याउलट दुसरं उदाहरण आहे. बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेने २००२ पासून अतिगरीब बायकांसाठी जी पद्धत बसवली त्यात जनावर किंवा दुकानाचा माल देतात, तो कर्ज म्हणून नव्हे. पहिले काही महिने घरखर्चाला थोडे पैसे, म्हणजे जनावर विकायची पाळी येत नाही. दीड-दोन वर्षं कुणीतरी नियमित घरी येऊन विचारपूस करतं. बचत शिकवतात. भारतासह सहा देशांत हे तपासलं गेलं आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मदत थांबल्यावर वर्षभरानेही घरं सावरलेली होती. भारतातला भाग मुर्शिदाबाद जिल्ह्यातला होता, तिथे दहा वर्षांनीही फरक टिकून दिसला. बिहार सरकारने २०१८ मध्ये 'सतत जीविकोपार्जन योजना' सुरू केली ती याच धर्तीवर.

मला यातला घरखर्चाचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. शेळी पैसे द्यायला वर्ष घेते. त्या वर्षभर खायचं काय?

हिशेबनीस
अगदी. आणि विचारपूस करणारं माणूस. आमच्याकडे 'उमेद'मधल्या (बचत गट चालवणाऱ्या सरकारी अभियानातल्या) सखी हे काम करू शकतात, पण त्यांच्या डोक्यावर इतक्या नोंदी आहेत की घरी बसून चहा प्यायला वेळ नसतो. आणि सगळ्यात गरीब बाई गटात येतच नाही. तिच्याकडे आठवड्याची बचत भरायला पैसे नसतात.

मदनपुरावासी
थोडं वेगळं, पण संबंध आहे. मुंबईत जरीच्या, पर्सच्या, बेकरीच्या कारखान्यांतून सोडवलेली मुलं मी जवळून पाहिली आहेत. बरीच बिहारची, मधुबनी-सीतामढीकडची. धाड पडते, मुलं बालगृहात, मग गाडीने घरी. काही महिन्यांनी त्यातलीच काही पुन्हा मुंबईत, फक्त गल्ली वेगळी. एका मुलाला विचारलं तर म्हणाला, "मी परत गेलो तेव्हा अब्बांनी घेतलेले पैसे ठेकेदार मागायला आला." धाडीत मूल सुटतं, कर्ज सुटत नाही.

म्हणून नि:शंक यांचं म्हणणं मी पूर्ण खोडत नाही. ठेकेदार आत गेलाच पाहिजे. पण त्या घेतलेल्या पैशांचं काय, हे त्याच दिवशी मिटलं पाहिजे.

वकिलीण_जव्हार
ते मिटतं. कायद्यातच आहे, फक्त कुणी सांगत नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगाराचं कर्ज रद्द होतं. त्याची वसुली घेणं हाच गुन्हा आहे. प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी चौकशी करून मुक्तीचं प्रमाणपत्र देतात आणि त्यावर पुनर्वसनाची मदत मिळते. २०१६ च्या केंद्राच्या योजनेत पुरुषाला १ लाख, बाई आणि मुलाला २ लाख, अतिशय गंभीर छळ असेल तर ३ लाख. अडचण अशी की हातात लगेच पडते ती तातडीची छोटी रक्कम. मोठी रक्कम गुन्हा सिद्ध होण्याशी जोडलेली आहे आणि खटले वर्षानुवर्षं चालतात. घर वाट बघत बसत नाही, पुढच्या भादव्यात पुन्हा बयाणा घेतं.

ठाणे-पालघरमध्ये विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून हा कायदा प्रत्यक्षात आणायला झगडा केला. आदिवासी माणूस तहसीलदारासमोर उभा राहून "मी वेठबिगार आहे" म्हणायला लागला ही तिथली मोठी कमाई. प्रमाणपत्र मिळालेल्या घरांत पुढे जमिनीचा तुकडा किंवा वनहक्काचा दावा मिळाला तर ती परत भट्टीवर गेली नाहीत. ज्यांना फक्त प्रमाणपत्र मिळालं त्यातली बरीच गेली.

आणखी एक. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर बंदी घातली, पण शाळेनंतर 'कुटुंबाच्या' धंद्यात मदत करायची मोकळीक ठेवली. भट्टीवरचा मालक नेमकं तेच म्हणतो: "पोरं आईबापांना मदत करतात."

नि:शंक
कर्ज रद्द होतं हे मला ठाऊक नव्हतं. पण मग प्रश्न उरतोच. पुढच्या वर्षी बयाणा घेऊ नये म्हणून गावात काम कुठून आणणार?

पागे_कट्टा
नि:शंक, ते महाराष्ट्राला कधीच सुचलेलं आहे! वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ च्या सुमारास मागेल त्याला गावातच काम देण्याचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात त्याने लाखो घरं तारली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. देशाचा कायदा त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, २००५ मध्ये आला. माझी आई बंडिंगच्या, म्हणजे बांध घालायच्या, कामावर जायची. मी पाळण्यात आणि पाळणा बाभळीला. कामावर पाळणाघर पाहिजे हेही तेव्हापासूनच्या नियमात आहे.

आज काम मागितलं तर मिळतं, पण मजुरी आठवडे-महिने अडकते. मुकादमाचा पैसा आगाऊ, सरकारचा पैसा उशिरा. माणूस कुणाकडे जाईल?

गुरुजी_पाटोदा
शेवटचं वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवतो, पागे_कट्टा. शेजारी मुलांनी लिहिलेला आठवड्याचा आहार आहे. त्यांनी स्वतःहून सातही दिवसांपुढे 'शिरा' लिहिला आहे.

बोरघाट
मुलांना माझा पाठिंबा. निदान रविवारचा तरी द्या.

रानहक्क
गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याहून. आमच्या तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव बहुतेकांना माहीत आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, २०११ मध्ये बांबूची वाहतूक परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हातात आली. नंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनेही बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. बांबूतोडीला गावातच काम, मजुरी ग्रामसभा ठरवते, उरलेल्यातून गावाची कामं. बाहेर जाणारी माणसं गावात राहिली की मुलं आपोआप शाळेत राहतात, वेगळी मोहीम काढावी लागत नाही.

पण हे घराघरावर होणारं काम नव्हे. अख्ख्या गावाने मिळून केलं म्हणून झालं. एका घराला शेळी देऊन ते घर सुटतं का, याबद्दल मला शंका आहे. मुकादम अख्ख्या वस्तीशी बोलतो, आपण मात्र एकेका घराशी.

हिशेबनीस
यावर माझा थोडा विरोध. गाव एक व्हायची वाट पाहिली तर विधवा, परित्यक्ता, दारुड्याची बायको, अपंग बापाचं घर मागे राहतं. मूल आधी त्याच घरातलं जातं. ग्रामसभेच्या हातात बांबू आला तरी बांबू तोडायला त्या घरात माणूस नसतो.

रानहक्क
मान्य. आमच्याकडे काही ग्रामसभांनी अशा घरांना नफ्यातून धान्य द्यायचं ठरवलं आहे. सगळीकडे नाही.

मोहोर
सगळं वाचते आहे. मूळ प्रश्नाकडे येते, कारण अजून एकाही घराचं नीट ऐकलेलं नाही. कुणीतरी बयाणा थांबवलेलं घर सांगा.

वकिलीण_जव्हार
सांगते. नाव-गाव देत नाही. विक्रमगड बाजूची वारली बाई, नवरा अंथरुणावर पडून, तीन मुलं. दरवर्षी भिवंडीकडच्या भट्टीवर. गावात आधी दोन-चार जणांनी मोगरा लावला होता, तो पाहून तिनेही लावला. रोजगार हमीतून खड्डे आणि रोपं झाली, म्हणजे खड्डे खणायची मजुरी तिलाच मिळाली. पाण्याला शेजारच्या विहिरीवर वाटणी. दुसऱ्या वर्षापासून कळ्या निघायला लागल्या. कळ्या पहाटे तोडायच्या आणि सकाळच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात. पैसा थोडा, पण हंगामात रोजच्या रोज हातात. मला वाटतं तिला वाचवलं ते या रोजच्या पैशाने.

पहिलं वर्ष मात्र कठीण गेलं. मोगरा अजून छोटा, भट्टीवर गेली नाही तर खायचं काय. त्या वर्षी तिला खावटीतली मदत मिळाली. खावटी म्हणजे आदिवासी घरांना पावसाळ्यातल्या खाण्यासाठी मिळणारी सरकारी मदत, ती पूर्वी कर्ज असायची. करोनाच्या काळात सरकारने ती अनुदान म्हणून दिली, घरटी ४ हजार, निम्मे खात्यात आणि निम्म्याचं धान्य, तेल, डाळ. रक्कम लहान, पण तिने त्या वर्षी बयाणा परत केला. भट्टीवाल्याने दोनदा माणूस पाठवला. वस्तीतल्या बायका तिच्या दारात बसून राहिल्या म्हणून ती टिकली.

करडू विचारतील म्हणून आधीच सांगते. कळ्या तोडायला मुलंही पहाटे जातात. मोठ्या मुलीची पहिल्या तासाला दांडी पडायची. शिक्षिकेने घरी जाऊन भांडण केलं, आता शाळेच्या दिवसांत आई आणि चुलती तोडतात. थोड्या कळ्या उमलून वाया जातात. ती म्हणते, जाऊ दे.

करडू
मी विचारणारच होतो. शिक्षिकेला माझा नमस्कार सांगा.

मोहोर
हेच हवं होतं. म्हणजे पावसाळ्यातली मदत कर्ज नसलेली, रोज थोडा पैसा देणारं काम, वस्तीचा धाक मालकावर, आणि शाळेचं कुणीतरी मुलावर डोळा ठेवून. यातलं एक जरी निघालं असतं तरी ती भट्टीवर गेली असती असं वाटतं का?

वकिलीण_जव्हार
खावटी नसती तर नक्की गेली असती. बाकीचं नंतरचं.

फडातली_लेक
मग आमच्याकडे खावटीसारखं काही का नाही? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये घ्यायचे ठरले, तितकेच सरकारने घालायचे. वसतिगृहं सुरू होत आहेत, चांगलं आहे. पण त्यातला काही भाग जून-जुलैमध्ये नोंदणीकृत कोयत्याला सरळ द्या, परत न मागता, मुलं गावच्या शाळेत राहतील या बोलीवर. ज्या घरात आजी आहे तिला मुलं सांभाळायचे पैसे द्या. माझ्या आजीला कुणी पाच पैसे दिले नाहीत आणि तिने एक नर्स घडवली.

'लाडकी बहीण'चे महिन्याला १५०० येतात, आई सांगते त्याचा उपयोग होतो. पण ते महिन्याला विरतात. उचल एकदम मिळते, म्हणून लोक तिच्याकडे जातात. पेरणी हप्त्याने करता येत नाही.

हिशेबनीस
हे मी आमच्या जिल्ह्याच्या बैठकीत मांडते. आजीला मानधन हा मुद्दा कुणी बोललेलं ऐकलं नव्हतं.

कृष्णाकाठ
सभेत विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, थेट खात्यात दिले तर मुकादम टोळी आणणार नाहीत. तीन तरुण सभासद मात्र माझ्या बाजूने बोलले. पुढच्या सभेला लेखी ठराव देतोय. वकिलीणताई, मसुदा बघाल का?

वकिलीण_जव्हार
पाठवा. त्यात एवढं घालाच: प्रत्येक कोयत्याची कारखान्यात नोंद, सोबत आलेल्या मुलांची नावं-वयं, आणि उचलीचा हिशेब दोघांच्या सहीचा, एक प्रत कोयत्याकडे.

नवी_पालवी
मी इथे पहिल्यांदा लिहितेय. माझ्या जावेचा नवरा गेल्या वर्षी गेला. दोन मुलं, नऊ आणि बारा. ती येत्या हंगामात अर्ध्या कोयत्यावर जायचं म्हणते आणि मोठ्याला सोबत नेणार आहे. अजून उचल घेतलेली नाही. काही करता येईल का?

गुरुजी_पाटोदा
ताई, उचल घेतलेली नाही हे फार चांगलं. दोन्ही मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज करा. एक पालक नसलेल्या मुलाला महिन्याला २२५० रुपये मिळतात, दोघांचे वेगवेगळे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे जातो, मंजुरी बालकल्याण समितीची. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, मुलांचे शाळेचे दाखले, बँक पासबुक आणि घरासमोर आई व मुलांचा फोटो लागेल. संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलला वेगळा करायचा, तो आईच्या नावाने. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून आजच सुरुवात करा. तालुका कोणता?

नवी_पालवी
धारूर. मृत्यूचा दाखला आहे. उत्पन्नाचा काढायचा राहिलाय.

फडातली_लेक
मी सोमवारी सुट्टीवर गावी येतेय, धारूर वाटेवरच आहे. जाऊबाईंना घेऊन तहसीलला या, दाखल्याच्या रांगेत मी सोबत उभी राहते. आणि मोठ्याचं नाव हंगामी वसतिगृहाच्या यादीत घालायला तिथल्या मुख्याध्यापकांना गुरुजी, तुम्ही सांगाल का?

गुरुजी_पाटोदा
तिथले मुख्याध्यापक ओळखीचे आहेत. उद्या सकाळी फोन करतो. मुलगा कितवीत आहे ते कळवा.

नवी_पालवी
सातवीत.